मोजे घालण्यापुरता खुबा

मेलबर्न, शुक्रवार, 11 जानेवारी 2019. ऑस्ट्रेलियन ओपन सोमवारी सुरू होणार आहे आणि तुम्ही पत्रकार परिषदेच्या खोलीत अगदी मागे, भिंतीला टेकून उभे आहात. कोणी हटकत नाही. मागच्या काळात शिरलेल्या माणसाकडे कोणी ओळखपत्र मागत नाही, ही या प्रवासातली एक सोय. दुसरी सोय म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तिचा उपयोग मात्र शून्य, कारण बोलायची मुभा नाही.

अँडी मरे येऊन बसतो. वय एकतीस. तीन ग्रँड स्लॅम, एकेरीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, जगातला पहिला क्रमांक, सगळं करून झालेला माणूस. कालच तो जोकोविचबरोबर सरावाचा सामना खेळला आणि त्यात इतका मागे पडला, की बघणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. पहिला प्रश्न अगदी साधा येतो: कसा आहेस, खुबा काय म्हणतोय? फारसं बरं नाही, एवढं तो म्हणतो आणि तिथेच अडकतो. पुढचं वाक्य तोंडाशी येतं, पण आवाज फुटत नाही. काही क्षण जातात. मग तो उठून खोलीबाहेर जातो. इतके पत्रकार एका खोलीत आणि एकालाही काही विचारायचं नाही, असं क्वचित घडतं.

तो परत येतो आणि बोलतो. वीस महिने दुखतंय. करता येण्यासारखं सगळं करून झालं. कसंबसं विम्बल्डनपर्यंत रेटावं आणि तिथे थांबावं असं मनात आहे, पण चार-पाच महिने हे दुखणं सोसता येईल याची खात्री वाटत नाही. आणखी एका, मोठ्या शस्त्रक्रियेचा पर्याय आहे, पण ती टेनिससाठी नाही. रोजचं जगणं तरी धड व्हावं म्हणून. बूट-मोजे चढवताना दुखतं, हे तो सहज बोलून जातो.

खोलीतले सगळे ‘विम्बल्डनला निवृत्ती’ असं लिहून घेतात. तुम्ही मोज्यांचं लक्षात ठेवा. मोठा खेळाडू दुखापतीतून परत येतो, त्या गोष्टी आपल्याला एका ठरावीक चालीत ऐकायची सवय आहे: पडला, झगडला, पुन्हा शिखरावर गेला. मरेच्या बाबतीत ती चाल लागू होत नाही. तो शिखरावर परत गेला नाही. तुम्हाला ते माहीत आहे, म्हणून तर इथे उभं राहून त्याच्याकडे बघणं अवघड जातंय. ‘तू पुन्हा खेळशील’ हे त्याला सांगावंसं वाटतं. पण ‘ग्रँड स्लॅममध्ये एकेरीच्या तिसऱ्या फेरीपलीकडे मात्र पुन्हा कधी जाणार नाहीस’ हे सांगायला जीभ रेटेल का?

चला, थोडं मागे. दीड वर्षं.

9 जून 2017, पॅरिस. फिलिप शात्रिए कोर्टवर फ्रेंच ओपनची उपांत्य लढत चालू आहे. लाल मातीचा भुगा बुटांवर, मोज्यांवर, अगदी मांडीपर्यंत चढलेला. पलीकडे स्टॅन वॉवरिंका, ज्याचा एका हातातला बॅकहँड ऐकूनच ओळखता येतो. मरे या वेळी जगात पहिला आहे. आदल्या वर्षी त्याने 78 सामने जिंकले आणि फक्त 9 गमावले. नऊ स्पर्धा जिंकल्या, वर्षाच्या अगदी शेवटच्या सामन्यात लंडनमध्ये जोकोविचला हरवून पहिला क्रमांक राखला. त्या वर्षाची किंमत आता वसूल व्हायला लागली आहे, हे इथे फार थोड्यांना कळतंय.

त्याच्या पायांकडे बघा, चेंडूकडे नको. मरेचा खेळ म्हणजे पोहोचण्याचा खेळ. दुसऱ्याने मारलेला, संपला असं वाटलेला चेंडू तो कोपऱ्यातून उचलून आणतो. त्यासाठी पूर्ण वेगात आडवं धावायचं, उजव्या पायावर कचकन थांबायचं, त्याच पायावर कंबर वळवायची आणि त्याच पायाने स्वतःला परत मधोमध ढकलायचं. सामन्यात शेकडो वेळा. तो सगळा भार खुब्यातून जातो. खुबा हा उखळीचा सांधा: मांडीच्या हाडाचं गोल डोकं ओटीपोटाच्या हाडातल्या खळग्यात बसतं आणि दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. तो थर झिजला की तो पुन्हा धरत नाही. स्नायू फाटला तर सांधतो, हाड मोडलं तर जुळतं. कूर्चेचं तसं नाही.

मरे दोन सेट विरुद्ध एक असा पुढे आहे. चौथा सेट टायब्रेकरवर जातो आणि निसटतो. पाचव्यात तो संपतो: 1-6. साडेचार तासांहून अधिक वेळ गेला आहे. नंतर एकदा तो सांगेल की खुब्याचं उरलंसुरलं त्याच सामन्यात गेलं. पण गंमत अशी, की जिंकणाराही धड राहत नाही. वॉवरिंका अंतिम सामन्यात नदालकडून सपाटून हरतो, विम्बल्डनमध्ये पहिल्याच फेरीत गारद होतो आणि ऑगस्टमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होते. एका दुपारी दोन माणसांनी एकमेकांना संपवलं, असं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या अतिशयोक्ती होईल. झिजत दोघेही आधीपासूनच होते. तरी त्या दुपारनंतर दोघांपैकी कोणीही पूर्वीचा राहिला नाही, हेही खरंच.

12 जुलै, विम्बल्डनचं सेंटर कोर्ट. उपांत्यपूर्व फेरीत सॅम क्वेरीविरुद्ध पाचवा सेट. दोन गुणांच्या मधल्या वेळात मरे चक्क लंगडतोय. उजवा पाय टेकताना अख्खं शरीर एका बाजूला कलतं. आणि सर्व्हिस पडली की तो धावतो, जणू लंगडणारा माणूस दुसराच कोणी. शेवटचे दोन सेट 1-6, 1-6. प्रेक्षकांना प्रोत्साहन द्यावं की नजर वळवावी कळत नाही.

सामन्यानंतर एक पत्रकार विचारायला लागतो, 2009 नंतर ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत गेलेला क्वेरी हा पहिला अमेरिकन खेळाडू… मरे मध्येच तोडतो: पुरुष खेळाडू. विल्यम्स भगिनी या काळात काय करत होत्या, याची त्या पत्रकाराला आठवण करून द्यावी लागते. खुबा गेलेला आहे, विजेतेपद गेलं आहे, पहिला क्रमांक जाणार आहे, पण डोकं जागेवर आहे. मला हा माणूस आवडतो तो अशा जागांसाठी.

पुढचं वर्ष भराभर ओलांडा. विश्रांती, व्यायाम, अमेरिकन ओपनमधून माघार, प्रशिक्षक इव्हान लेंडलशी फारकत. जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नच्या रुग्णालयात दुर्बिणीतून पहिली शस्त्रक्रिया. जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर पुनरागमन आणि निक किरिओसकडून हार. विम्बल्डनमधून ऐनवेळी माघार. क्रमवारीत घसरण.

थांबा ते वॉशिंग्टनला. 3 ऑगस्ट 2018, पहाटेचे तीन.

दिवसभर पाऊस येऊन-जाऊन होता, म्हणून सामने लांबले. मरे विरुद्ध रुमानियाचा मारियस कोपिल हा सामना मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू झाला. तुम्ही रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसला आहात. पाठीमागे कोणीतरी टॉवेल पांघरून बसलंय. हवा दमट आहे आणि दिव्यांभोवती किडे. मरे या घडीला जगात 832 वा आहे. या एका आठवड्यातला हा त्याचा तिसरा सामना, आणि तिन्ही तीन-तीन सेटचे. तिसरा सेट टायब्रेकरवर जातो. तीन वाजून एक मिनिटाने तो जिंकतो.

आता टाळ्या वाजवू नका, बघा. हस्तांदोलन करून तो खुर्चीत बसतो, टॉवेल चेहऱ्यावर दाबतो आणि ढसाढसा रडायला लागतो. खांदे गदागदा हलतायत. एक मिनिट जातं, दुसरं जातं, तो थांबत नाही. जिंकलेला माणूस असा रडतो तेव्हा आपण लगेच आनंदाश्रू म्हणतो. हे आनंदाचे नाहीत. सात महिन्यांपूर्वी एक शस्त्रक्रिया झाली, सगळा व्यायाम नेमाने केला, सामना जिंकला, आणि तरीही खुबा होता तसाच दुखतोय. हरला असता तर निदान काही कारण देता आलं असतं. जिंकल्यावर कारणच उरलं नाही.

त्याच पहाटे हॉटेलच्या खोलीत त्याने स्वतःच्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून बोलून ठेवलं. शरीर आता हे करू देत नाही, अशा अर्थाचं, निरोपासारखं. पुढल्या वर्षी आलेल्या माहितीपटात ते दिसतं. आपण त्या खोलीत जायचं नाही. परवानगी नाही म्हणून नव्हे, पण काही दारं माहितीपटात उघडी असली तरी प्रवाशाने बाहेरच थांबावं. पुढचा, उपांत्यपूर्व फेरीचा सामना तो खेळला नाही.

2019 चा पहिला आठवडा. आपल्या बालेवाडीत महाराष्ट्र ओपन चालू आहे. एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच अंतिम फेरीत केविन अँडरसनशी तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत खेचतो आणि हरतो. पुण्याच्या थंडीत स्वेटर घालून तो सामना तुम्ही बघितलाही असेल. त्याच आठवड्यात ब्रिस्बेनमध्ये मरे एक सामना जिंकतो, दुसरा हरतो, आणि आपण सुरुवातीला उभे होतो त्या खोलीच्या दिशेने निघतो.

त्या पत्रकार परिषदेनंतर तीन दिवसांनी, 14 जानेवारीच्या संध्याकाळी, पहिली फेरी. रॉबर्टो बाउतिस्ता अगूत दोन सेटने पुढे जातो आणि सगळे मनातल्या मनात सामान आवरायला लागतात. मरे तिसरा सेट टायब्रेकरवर घेतो. चौथाही टायब्रेकरवर घेतो. त्या खुब्यासकट! पाचवा 2-6 जातो. चार तास उलटून गेलेत. मग मैदानातल्या मोठ्या पडद्यावर फेडरर, नदाल, जोकोविच आणि इतर खेळाडू त्याला निरोप देताना दिसतात. खास तयार करून ठेवलेली चित्रफीत. मरे खाली उभा राहून मान वर करून बघतोय. माणूस समोर हजर असताना शोकसभा भरवावी तसा हा प्रकार. हेतू चांगला आहे, पण तुमच्यासारखा पुढचं माहीत असलेला माणूस तिथे असला की हसू दाबावं लागतं. मरेलाही बहुधा काहीतरी खटकत असावं. मायक्रोफोन हातात आल्यावर तो म्हणतो, कदाचित पुन्हा भेटूही. त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया लागेल, आणि हमी कशाचीच नाही.

त्याला ही वाट दाखवली बॉब ब्रायनने. ब्रायन जुळ्या भावांपैकी हा एक, दुहेरीतला विक्रमवीर, वय चाळीस. त्याने ऑगस्ट 2018 मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि पाच महिन्यांत तो मेलबर्नमध्ये खेळत होता. पण दुहेरीत अर्धं कोर्ट सांभाळायचं असतं. एकेरीत, जगातल्या पहिल्या शंभरात, धातूचा खुबा घेऊन कोणी खेळल्याचं उदाहरणच समोर नव्हतं.

लंडन, 28 जानेवारी. शस्त्रक्रियेच्या खोलीत तुम्ही जरा लांबच उभे राहा. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळले तरी चालतील, पण गाळू नका, कारण पुढची सगळी गोष्ट या टेबलावर ठरते.

मरे कुशीवर झोपवलेला आहे, उजवी बाजू वर. भूल चढली आहे. बाजूने लांब छेद घेतात, स्नायू बाजूला सारतात आणि मग पाय असा वळवतात की मांडीच्या हाडाचं डोकं खळग्यातून बाहेर येतं. मुद्दाम खुबा निखळवायचा, म्हणजे डोकं हाताशी लागतं. नेहमीच्या खुबाबदलात हे डोकं सरळ कापून टाकतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा लांब दांडा ठोकून बसवतात. इथे तसं करत नाहीत. डोकं शाबूत ठेवून वरचा झिजलेला भाग फक्त घासून, तासून गोल करतात आणि त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी सिमेंटने बसवतात, दाताला कॅप बसवतात तशी. समोरच्या खळग्यातही त्याच धातूची वाटी. ती सिमेंटशिवाय, ठोकून घट्ट बसवायची, म्हणजे हाड हळूहळू तिच्या खडबडीत पाठीवर वाढून तिला धरतं. हातोडीचे ठोके स्पष्ट ऐकू येतात. जगातला एक अत्यंत नाजूक हात असलेला खेळाडू, ज्याचा लॉब बोटाच्या पेराने टाकल्यासारखा पडतो, आणि त्याच्या कमरेवर सुतारकाम चाललंय.

हे तंत्र आज ज्या रूपात आहे ते 1990 च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये डेरेक मॅकमिन यांनी घडवलं. फायदा असा, की डोकं मूळ आकाराचं राहतं, त्यामुळे सांधा सहजी निखळत नाही, आणि स्वतःचं हाड शिल्लक राहतं, म्हणजे पुढे कधी पूर्ण खुबा बदलायची वेळ आली तर जागा असते. तोटाही आहे. धातूवर धातू घासला जातो, सूक्ष्म कण सुटतात, रक्तातलं कोबाल्ट आणि क्रोमियम वाढू शकतं. म्हणून ही शस्त्रक्रिया सरसकट कोणाला करत नाहीत. तरुण, मोठ्या हाडापेराच्या पुरुषांना ती जास्त मानवते. मरे सहा फूट तीन इंच आहे. बसतो चौकटीत. पण चौकट आखणाऱ्यांनी पाच सेटचे सामने धरून ती आखली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या खुब्याचा एक्स-रे सगळ्या जगाला दाखवतो. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र टोपी आणि तिच्यातून हाडात उतरलेली खुंटी. मार्चमध्ये तो सांगतो की दुखणं गेलं. मोजे घालता येतात. शस्त्रक्रिया ज्यासाठी केली होती ते साधलं. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बायको किम आहे, दोन लहान मुली आहेत, पैसा आहे, मे महिन्यात बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन ‘सर’ ही पदवी रीतसर घेऊन झाली. कोणी बोट दाखवलं नसतं.

पण एप्रिलमध्येच तो भिंतीवर चेंडू मारताना दिसतो. एकटा, रॅकेट, चेंडू आणि भिंत. पाय जवळजवळ हलवायचेच नाहीत, फक्त हाताने चेंडू परतवायचा. या महिन्यांत बघण्यासारखं काहीच नसतं आणि खरं काम तेव्हाच होतं. सांधा नवा आला, पण भोवतीचे स्नायू जुनेच आहेत आणि त्यांनी दोन वर्षं एकच विद्या घोकलेली: दुखू नये म्हणून भार दुसरीकडे ढकलायची. ती विसरायला लावायची. फिजिओ सांगतो तेवढीच पुनरावृत्ती, तेवढंच वजन, एकही जास्त नाही. अफाट कष्ट करण्यावर नाव कमावलेल्या माणसाला ‘आज एवढंच’ ऐकायला लावणं, मला वाटतं, हातोडीइतकंच कठीण असावं.

जूनमध्ये क्वीन्स क्लब. दुहेरीत जोडीदार फेलिसियानो लोपेझ, वय सदतीस. दोघे मिळून स्पर्धाच जिंकतात. लोपेझने तर त्याच रविवारी एकेरीचाही अंतिम सामना तीन सेटमध्ये जिंकून मग हा खेळलाय. मरे हसतोय, त्याचा विश्वासच बसत नाहीये. विम्बल्डनमध्ये सेरेना विल्यम्सबरोबर मिश्र दुहेरी होते, लोक खूश होतात. तिथे फार रेंगाळू नका. दुहेरी म्हणजे सुट्टी होती. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला एकेरीत रिशार गास्के त्याला दोन सेटमध्ये घरी पाठवतो आणि सुट्टी संपते.

आणि आता माझी या सगळ्या प्रवासातली सगळ्यात आवडती जागा: मायोर्काचं मानाकोर, ऑगस्ट 2019 ची अखेर. नदालच्या अकादमीतली चॅलेंजर स्पर्धा. नदाल स्वतः न्यूयॉर्कला अमेरिकन ओपन खेळायला गेलाय (आणि ती जिंकणार आहे). जगभरचे कॅमेरे तिकडे. इकडे बेटावर ऊन रणरणतंय, बसायला पायऱ्या आहेत त्यातल्या निम्म्या मोकळ्या. चॅलेंजर म्हणजे टेनिसचं दुसरं वर्तुळ, जिथे क्रमवारीत शे-दोनशेच्या पुढची मुलं विमानाच्या तिकिटाचा हिशेब करत खेळतात. मरे या पायरीवर शेवटचा खेळला तो 2005 मध्ये, अठराव्या वर्षी.

पहिल्या फेरीत समोर सतरा वर्षांचा फ्रेंच मुलगा. पाऊण तासाच्या आत सामना आटोपतो. त्या पोराने घरी जाऊन काय सांगितलं असेल? दुसरा सामनाही मरे जिंकतो. तिसऱ्यात इटलीचा मॅतेओ व्हिओला, दोनशेच्या पलीकडला, बत्तिशीतला, ज्याचं नाव बहुतेक वाचकांनी आत्ता पहिल्यांदा ऐकलं असेल, मरेला तीन सेटमध्ये हरवतो.

तुम्ही पायरीवर बसून त्या हस्तांदोलनाकडे नीट बघा. व्हिओलाच्या आयुष्यातला हा केवढा दिवस! आणि मरे रागावलेला आहे. हरल्यावर तो नेहमी चिडतो तसाच, अगदी नेहमीसारखा. त्याला विम्बल्डनची सवय होती, राजघराण्याच्या खुर्च्यांसमोर खेळायची सवय होती. इथे तो व्हिओलाशी हरायला तयार होऊन आला. पडलेला राजा उठून सिंहासनाकडे चालू लागला तर त्यात नवल नाही. हा मागच्या दाराने, रांगेत उभा राहून, तिकीट काढून आत आला. पुनरागमन म्हणायचंच असेल तर मी मानाकोरला म्हणेन.

पुढे बीजिंगला दोन विजय, शांघायला फोन्यिनीशी कडाक्याचं भांडण आणि पराभव. मग बेल्जियम.

अँटवर्प, रविवार, 20 ऑक्टोबर 2019. लोट्टो अरेनाचं बंदिस्त कोर्ट. बाहेर शरद ऋतूचा गारवा, आत दिव्यांची ऊब. उपांत्यपूर्व फेरीत मरेने कोणाला हरवलं माहितीये? मारियस कोपिलला. तीन सेटमध्ये, पण रात्रीच्या सभ्य वेळी. आणि आज अंतिम सामन्यात जाळीपलीकडे उभा आहे स्टॅन वॉवरिंका. पॅरिसनंतर एकाचा गुडघा उघडून झाला, एकाचा खुबा. मरे क्रमवारीत 243 वा.

वॉवरिंका जोरात सुरू करतो. पहिला सेट 6-3. दुसऱ्यात 3-1. बॅकहँडचा तोच आवाज. मरे मागे-मागे ढकलला जातोय आणि तुम्ही, सगळं माहीत असूनही, खुर्चीच्या कडेवर सरकता. मग हळूहळू काहीतरी सरकतं. उंच फिरकी, खाली राहणारा स्लाइस, मध्येच ड्रॉप शॉट, पुन्हा लॉब. मरे वॉवरिंकाला सलग दोन चेंडू एका उंचीवर मिळू देत नाही. ताकद गेली असेल, नजर आणि डोकं जिथल्या तिथे. उजव्या पायाकडे बघा: कोपऱ्यात धावतो, थांबतो, ढकलतो, परत येतो. पहिल्याइतका चपळ नाही, अर्ध्या पावलाने उशिरा. पण दोन गुणांच्या मध्ये तो लंगडत नाही. सरळ चालत जातो, टॉवेल घेतो, सरळ चालत येतो.

6-4. तिसऱ्या सेटमध्ये दोघेही एकमेकांची सर्व्हिस फोडतात, कोणालाच पुढे राहता येत नाही. शेवटी 6-4. मार्च 2017 मधल्या दुबईनंतरचं मुख्य दौऱ्यावरचं हे पहिलं एकेरी विजेतेपद, एकूण सेहेचाळिसावं. आणि शेवटचं, पण ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

जाळीशी दोघे एकमेकांना मिठी मारतात, औपचारिक नव्हे, लांब. मग मरे बाकावर बसतो आणि रडतो. या वेळी आनंदाश्रू म्हणायला माझी हरकत नाही. किमचे दिवस भरत आलेत, तिसरं मूल कधीही होईल, त्यामुळे जिंकल्याच्या आनंदात त्याला घरी पळायची घाईही आहे.

यानंतरची वर्षं सरळ रेषेत जात नाहीत. नोव्हेंबरमध्ये ओटीपोटाच्या हाडाला सूज, मग महामारी, मांडीचे स्नायू, पोटाचे स्नायू, पाठ. कधी एखाद्या बड्या खेळाडूला हरवतो, कधी ओळखही नसलेल्या कोणाकडून हरतो. ‘आता पुरे’ असं लिहिणाऱ्यांची रांग लागते. त्यांत काही त्याचे चाहतेही असतात, आणि त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या खेळाडूने आपली प्रतिमा जपावी. मला हे कधी पटलं नाही. प्रतिमा आपल्या उपयोगाची असते, खेळणाऱ्याच्या नाही.

शेवटी एकच थांबा. 20 जानेवारी 2023, पुन्हा मेलबर्न, पहाटेचे तीन वाजून गेलेत. मार्गारेट कोर्ट अरेना. मरे पस्तीस वर्षांचा आहे. दुसऱ्या फेरीत समोर घरचा थनासी कोकिनाकिस, नऊ वर्षांनी लहान. कोकिनाकिस दोन सेट आणि तिसऱ्यात 5-2 असा पुढे होता. तिथून हा खेचत आलाय. मधे एका रॅलीत कोकिनाकिसने स्मॅशवर स्मॅश मारले आणि मरे भिंतीजवळून एकेक परत करत राहिला. गुण गेल्यावर कोकिनाकिसने रॅकेटच आपटून मोडली. चेंडू उचलणारी शाळकरी मुलं जांभया आवरतायत. बरेच लोक घरी गेले, उरलेले बेभान ओरडतायत.

धातूचा खुबा पाचव्या सेटमध्ये शिरलाय आणि मरे पंचांपुढे तावातावाने हातवारे करतोय. जवळ जाऊन ऐका. पहाटेचे तीन-साडेतीन होत आलेत, ही खेळाडूंची, पंचांची, या मुलांची चेष्टा आहे, आणि वर लघवीला जायचीही परवानगी मिळत नाही, हा कुठला नियम, असं त्याचं म्हणणं आहे. पंच नियमात बसत नाही म्हणतात. मरे पुटपुटत कोर्टवर परततो आणि चार वाजून पाच मिनिटांनी, पावणेसहा तासांच्या खेळानंतर, सामना जिंकून टाकतो.